ओरेस्टचं ऊन

स्टेफा गाडी विकणार हे गावाने ठरवूनच टाकलं होतं. पासष्टी ओलांडलेली बाई, नवरा दुसरीच्या मागे निघून गेलेला, आणि आवारात ही लांबलचक मोटरहोम, चाकांवरचं घरच, उभी. ठेवून करणार काय? चर्चच्या तळघरात बायका बटाट्याचं सारण भरून पेरोही वळायला जमल्या की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गं, आलं का एखादं गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक कशाला?" स्टेफा कणीक तिंबत म्हणायची. "मी चालवणार आहे."

"तू?"

"का? स्टिअरिंग धरायला मिशा लागतात?"

बायका हसायच्या आणि तिची पाठ फिरली की एकमेकींकडे बघायच्या. स्टेफाला ते कळायचं. कळू दे. कॅनडातल्या, सस्कॅचेवानच्या त्या गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते धुराड्यावरून ओळखतात. तिच्या घरात गेला सगळा उन्हाळा एकच गोष्ट शिजत होती, आणि तिचा वास मात्र कुणाला लागला नव्हता.

झालं होतं ते असं. दर हिवाळ्यात स्टेफा आणि ओरेस्ट ही गाडी घेऊन सरहद्दीपलीकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात जायचे. तिथे अशा गाड्यांच्या एका कॅम्पात कोपऱ्यावरची, दोन ताडांच्या सावलीतली जागा त्यांची ठरलेली. गेल्या मार्चमध्ये लेकीचं, डार्याचं, बाळंतपण लवकर आलं म्हणून स्टेफा विमानाने घरी परतली. "तू हो पुढे, मी सगळं आवरून गाडी घेऊन येतो," ओरेस्ट म्हणाला. तो आला एप्रिलमध्ये. गाडी आवारात लावली, किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "मी आता लव्हॉनबरोबर राहणार आहे. घर तुझं, गाडी तुझी. मला काही नको."

केवढा उदार! मासे धरायच्या काठ्या घेतल्या आणि गेला.

लव्हॉन म्हणजे अल्बर्टा प्रांतातली एक विधवा. कॅम्पात त्यांच्यापासून दोन जागा सोडून तिचा पांढरा ट्रेलर, ट्रकने ओढायचं घर, असायचा. आणि तिला आपल्या टेबलावर पहिल्यांदा कुणी बोलावलं? स्टेफानेच. "एकटी कसली जेवतेस गं, ये इकडे," असं म्हणून तिच्या ताटात पेरोही वाढल्या, वर परतलेला कांदा घातला. स्वतःच्या हातांनी घातला! ते आठवलं की आजही स्टेफाच्या डोक्यात तिडीक जायची.

मेपासून ती विचार करत होती की या माणसाचं काय काढून घेतलं म्हणजे त्याला लागेल. घर त्याने आपणहून टाकलं होतं, गाडी टाकली होती. नातवाचं तोंड बघायला तो एकदाच आला आणि तेही घाईत. मग एका दुपारी बागेतली शेपू कापता कापता तिला उत्तर सापडलं. ओरेस्टला या जगात एकच गोष्ट मनापासून आवडत होती, ती म्हणजे ऊन. थंडीचा त्याला विलक्षण तिटकारा. लहानपणी बापाने त्याला कडाक्याच्या थंडीत गुरांना पाणी ओढायला लावलं होतं, ते तो अजून विसरला नव्हता. सप्टेंबर उजाडला की त्याचं सुरू व्हायचं, "स्टेफा, निघायला किती दिवस राहिले गं?" अ‍ॅरिझोनात पोचला की अर्ध्या चड्डीत, उन्हात खुर्ची टाकून तोंड वर करून बसायचा आणि म्हणायचा, "मरायचं तर इथे मरायचं."

बरं तर, स्टेफाने ठरवलं. तुझं ऊन काढून घेते.

कसं, ते तिला चांगलं माहीत होतं. त्या कॅम्पात कोपऱ्यावरच्या जागेसाठी त्यांनी कधी भाडं भरलंच नव्हतं. ओरेस्ट तिथले नळ आणि विजेचे खांब बघायचा, स्टेफा न्हाणीघरं धुवायची आणि रविवारी सगळ्यांसाठी पॅनकेक भाजायची. बदल्यात जागा फुकट. कॅम्पातले निम्मे कॅनडावाले हेच करायचे. "काम कुठलं, ही तर मदत!" असं म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. पण परदेशातून पाहुणा म्हणून आलेल्याने तिथे काम करायचं नसतं, आणि पैशांऐवजी जागा घेतली तरी कायद्याच्या लेखी ते कामच. कुणी भोळेपणाने सरहद्दीच्या नाक्यावर बोलून जायचं, की परत पाठवणी आणि वर बंदी. असं झाल्याचे किस्से दर वर्षी कानावर यायचे. म्हणून नाका जवळ आला की ओरेस्ट दर वेळी तिला बजावायचा, "विचारतील तेवढंच बोल. मदतीचं नावसुद्धा काढायचं नाही. तुझ्या तोंडाला कुलूप नसतं." आणि स्टेफा पासपोर्ट मांडीवर धरून मुकाट बसायची.

नाक्यावर नुसता फोन करूनही कळवता आलं असतं. पण फोनवर सूड घेण्यात काय मजा? ओरेस्टला तिचं तोंड दिसायला हवं होतं.

कापणी झालेल्या शेतात ती गाडी शिकली. मोठी गाडी चालवायला तशी सोपी, मागे घ्यायला महाकठीण. एकदा धान्याच्या कोठीला आरसा घासला, दोनदा कुंपण आडवं झालं. जावई म्हणाला, "आई, मी येतो ना बरोबर." ती म्हणाली, "तू तुझं पोरगं सांभाळ."

*

नोव्हेंबरात युद्धस्मृतीचा दिवस पार पडला की दुसऱ्या सकाळी निघायचं, ही तिकडची रीतच. सरहद्दीआधीच्या शेवटच्या पेट्रोल पंपाला लागून एक कॅफे आहे. तिथे सगळे थांबतात, कॉफी पितात, नाक्यावर काय बोलायचं त्याची उजळणी करतात आणि मग एकामागून एक पुढे सरकतात. स्टेफा आत शिरली तेव्हा काचा वाफेने धुरकटल्या होत्या आणि कॅम्पातल्या ओळखीचे दहा-बारा जण टेबलांभोवती बसले होते. मॅनिटोबाची व्हेल्मा तेवढी घाईने उठली. "अगं बाई, स्टेफा! कशी आहेस? बारीक झालीस!"

"नवरा गेला की वजन उतरतं," स्टेफा म्हणाली. "तूही करून बघ."

व्हेल्माचा नवरा कॉफीत बघू लागला.

ओरेस्ट खिडकीपाशी होता. पिवळा, उन्हाळी शर्ट आतापासूनच अंगात, वर कोट. शेजारी लव्हॉन, केसांना नवा रंग लावलेली. स्टेफाला बघून तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला, पण ती उठून उभी राहिली. "स्टेफा, आपण दोघींनी एकदा नीट बोलायला हवं."

"बोलू की. आज भरपूर बोलायचंय."

ओरेस्टने खिडकीतून बाहेर बघितलं. "कोण चालवतंय गाडी?"

"घोडे लावलेत."

"थट्टा नको. एकटी जाणार तू? डोंगरातला रस्ता आहे, बर्फ असेल."

"तुला माझी काळजी केव्हापासून वाटायला लागली? एप्रिलच्या आधी की नंतर?"

तो वरमला. पण सवय कुठे जाते? त्याने आवाज खाली आणला आणि वाकून म्हणाला, "बरं, हे बघ. नाक्यावर जास्त बोलू नकोस हं. विचारतील तेवढंच."

खरं सांगायचं तर तोपर्यंत स्टेफाचं मन थोडं डळमळत होतं. पहाटेपासून गाडी हाकून ती थकली होती. दक्षिणेतलं ऊन तिलाही हवंच होतं. तिचे गुडघे तिथेच तेवढे ठणकायचे थांबायचे. कुठल्यातरी दुसऱ्या कॅम्पात जावं, या दोघांचं तोंड बघू नये, असंही वाटून गेलं होतं. पण ते शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला. टाकून गेलास, आणि अजून माझ्या तोंडाला कुलूप घालतोस?

ती कॉफी न पिताच उठली. नाक्याच्या थोडं अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि आरशात बघत बसली. पांढरा ट्रेलर ओढत लव्हॉनचा ट्रक दिसला तशी ती त्यांच्या बरोबर पुढे घुसली.

*

खिडकीतला अधिकारी तरुण होता. डोळे झोपाळलेले, नाक सर्दीने लाल.

"कुठे चाललात?"

"अ‍ॅरिझोना."

"फळं, झाडं, सरपण, बंदूक?"

"काही नाही. सुकवलेली शेपू आहे."

"बरोबर कोण आहे?"

"नवरा आहे."

त्याने मान उंचावून बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. "कुठे आहे?"

"मागच्या ट्रकमध्ये. दुसऱ्या बाईबरोबर."

अधिकाऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने हसू दाबलं. स्टेफा खिडकीतून आणखी बाहेर वाकली. "साहेब, त्यालाही विचारा. कॅम्पातली कोपऱ्यावरची जागा सबंध हिवाळा फुकट कशी मिळते, आणि बदल्यात तो काय करतो, तेवढं विचारा."

हसू गेलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग आरशासारख्या चमकणाऱ्या मागच्या ट्रककडे. "बाई, गाडी उजवीकडे लावा आणि आत येऊन बसा."

आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग होती. थोड्या वेळाने दार उघडलं आणि ओरेस्ट आत आला, पाठोपाठ लव्हॉन. तिघं एका रांगेत बसले, मध्ये एक खुर्ची रिकामी.

"काय बोललीस तू?" ओरेस्ट दात आवळून पुटपुटला.

"बरोबर कोण आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं."

"स्टेफा!"

"ओरडू नकोस. सरकारी जागा आहे."

समोर बोलावल्यावर मात्र ओरेस्ट पार बदलला. खांदे पाडले, आवाज मऊ केला. बाजारात म्हातारी गाय विकतानाही तो असाच बोलायचा. "साहेब, ही माझी बायको. मी हिला सोडलं, म्हणून पेटलीय बिचारी. तिचं चुकत नाही. मी एक म्हातारा शेतकरी. शेजाऱ्याचा नळ गळत असेल तर पान्हा घेऊन जातो. याला काम म्हणतात का?"

अधिकारी नाक पुसत म्हणाला, "बाई, नवरा-बायकोची भांडणं आम्ही सोडवत नाही."

"सोडवू नका. ट्रेलर उघडा. पलंगाखालच्या खणात हिरवं जाकीट असेल, बिनबाह्यांचं. पाठीवर याचं नाव भरलंय, आणि खाली काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा."

ओरेस्टच्या तोंडचं पाणी पळालं. ते जाकीट कॅम्पवाल्यांनी त्याला एका वर्षी हंगामाच्या शेवटी, निरोपाच्या जेवणात दिलं होतं. ते तो मागे ठेवून येणं शक्यच नव्हतं, आणि आवडत्या वस्तू तो नेहमी पलंगाखालीच ठेवायचा. जुलैत गावच्या दुकानात सिगारेटी आणायलासुद्धा तो ते घालून जायचा, हे स्टेफाइतकं कुणाला माहीत असणार?

अधिकारी किल्ल्या घेऊन गेला. ओरेस्ट मधल्या रिकाम्या खुर्चीवर सरकला. "ऐक. आल्यावर सांग, रागाच्या भरात बोलले. तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या. पाहिजे तर कोपऱ्यावरची जागा तू घे. तुझे गुडघे—"

"माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नकोस."

"म्हणजे?" लव्हॉन मध्येच म्हणाली. "ती जागा तिची? तू तर म्हणालास, तिला कॅम्पाचा कंटाळा आला होता. तिनेच सगळं सोडलं म्हणून."

"तू गप्प बैस गं जरा."

"हे बरंय," स्टेफा म्हणाली. "आता तुझ्या तोंडालाही कुलूप."

अधिकारी परतला तेव्हा त्याच्या हातात एक नव्हे, दोन जाकिटं होती. त्याने ती काउंटरवर पसरली. एकावर ओरेस्ट, खाली 'देखभाल'. दुसऱ्यावर लव्हॉन, खाली 'स्वच्छता'. ओरेस्टने लगेच हसून घेतलं. "अहो, मित्रांनी गंमत म्हणून दिली. वाढदिवसाला."

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला. सकाळपासून त्याने पुष्कळ म्हातारे ऐकले असावेत. स्टेफाची किल्ली त्याने तिच्यापुढे सरकवली. "बाई, तुमच्या गाडीत काही नाही. तुम्ही जाऊ शकता. या दोघांचं मी बघतो."

तिने किल्ली उचलली. उठली. आणि जाता जाता तिची नजर दुसऱ्या जाकिटावर पडली.

कॉलरवर पांढरा डाग होता. न्हाणीघराच्या फरशा घासताना तिच्या हातून ब्लीच उडालं होतं, त्याचा डाग. तिने जाकीट जवळ ओढलं. 'लव्हॉन' या ताज्या, चकचकीत अक्षरांच्या मागे सुईची जुनी भोकं होती. आधीचा दोरा उसवून काढलेला, आणि बाकी कापड उन्हाने विटलेलं असल्यामुळे त्या जागी जुनी अक्षरं गडद हिरवी राहिलेली. स्टेफा. सहज वाचता येत होतं. मार्चमध्ये लेकीकडे धावताना ते जाकीट कॅम्पातच राहिलं होतं.

या बाईसाठी कॅम्पवाल्यांना नवं जाकीटसुद्धा शिवावंसं वाटलं नव्हतं. तिचं नाव उसवलं, दुसरीचं भरलं, झालं. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथे होत्या. कुणीतरी कात्री हातात घेतली असेल, कुणीतरी दोऱ्याचा रंग निवडला असेल. एप्रिलमध्ये टेबलावर किल्ली ठेवली गेली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

"मला म्हणाला, तू देऊन टाकलंस," लव्हॉन हळूच म्हणाली. ती स्टेफाकडे बघत नव्हती.

अधिकारीही वाकून बघत होता. "इथे आधी दुसरं नाव होतं का?"

"असेल कुणाचं तरी जुनं," ओरेस्ट घाईने म्हणाला. "सेकंडहँड."

मग त्याने स्टेफाकडे बघितलं. तो तिला विनवत होता, पण घाबरलेला नव्हता. ही बोलणार नाही, असं त्याने धरलंच होतं. बोलली तर तीही अडकणार, आणि स्टेफा काही एवढी वेडी नाही. नाक्यावर ती नेहमी गप्पच बसायची.

"माझं आहे ते नाव," स्टेफा म्हणाली. "जाकीट माझं आहे."

"म्हणजे तुम्हीही तिथे काम करत होता?"

"करत होते ना. वर्षानुवर्षं. न्हाणीघरं धुतली, रविवारी पॅनकेक भाजले. हा नळ आणि वीज बघायचा. त्याबद्दल जागा फुकट. आता तेच काम ही करते, माझंच जाकीट घालून. पाहिजे तर कॅम्पाच्या ऑफिसात कोण बसतं, कुठल्या दिवशी कुठली फरशी धुवायची, सगळं सांगते. बसून लिहून घ्या."

अधिकाऱ्याने नाक पुसायचं थांबवलं. "बाई, तुम्हाला कळतंय ना? मग मला तुम्हालाही परत पाठवावं लागेल. तिघांनाही. पाच वर्षं इकडे येता येणार नाही."

आत्तापर्यंत स्टेफाने हे इतकं पुढे जाऊन बघितलंच नव्हतं. तिने ओरेस्टचं ऊन तेवढं बघितलं होतं. आता स्वतःचंही दिसलं. सकाळची ती खुर्ची, उघडे पाय, न ठणकणारे गुडघे. तिने ओरेस्टकडे बघितलं. पिवळ्या शर्टाच्या वर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, तोंड उघडं राहिलं होतं, आणि तो खरोखर तिचं तोंड बघत होता.

"कळतंय," ती म्हणाली. "घ्या लिहून."

*

बोटांचे ठसे झाले, फोटो झाले, गाड्या उलट्या फिरल्या. कॅफेच्या आवारात परत आले तेव्हा आडवा बर्फ सुरू झाला होता आणि बाकी सगळी मंडळी केव्हाच पुढे निघून गेली होती. स्टेफा हीटर लावून बसली. ओरेस्ट धावतच आला आणि त्याने तिच्या काचेवर मूठ आपटली. तिने काच चार बोटं खाली केली.

"वाटोळं केलंस!" तो ओरडला. "माझं केलंस ते केलंस, स्वतःचंही केलंस! काय मिळालं तुला?"

"तू परत आलास ना थंडीत? ते मिळालं."

"पाच वर्षं, स्टेफा! माझं वय बघ! पाच वर्षांनी मी असेन की नसेन!"

"ते मला एप्रिलमध्ये वाटलं होतं. स्वतःबद्दल."

तो काहीतरी बोलायला गेला आणि वाऱ्याने त्याला खोकला आला. तिने काच वर केली नाही, पण आणखी खालीही केली नाही. हळूहळू त्याचा आवाज उतरला. लव्हॉनने अल्बर्टातलं घर एप्रिलपर्यंत भाड्याने दिलं होतं. ट्रेलर असल्या थंडीतला नव्हे, दोन रात्रींत पाइप फुटतील. ओरेस्टला तर घरच नव्हतं, ते त्याने उदारपणे टाकून दिलं होतं. शेवटी त्याने खाली बघत विचारलं, "तुझ्या आवारात लावू का ट्रेलर? तिथला विजेचा प्लग मीच बसवलाय."

"नीट ऐकू येत नाही. वारा आहे."

त्याने पुन्हा विचारलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि या वेळी "प्लीज" म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने तो शब्द त्याच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं.

"लाव," ती म्हणाली. "भाडं नको मला. कोठीमागची जागा घे."

"कोठीमागे? तिथे तर थेट उत्तरेचा वारा लागतो."

"तीच जागा आहे. आणि बदल्यात काम. रोज सकाळी रस्त्यापर्यंतचा बर्फ काढायचा. लाकडं फोडायची. माझं न्हाणीघर शनिवारी धुवायचं. ते तू धुवायचंस, तिने नाही."

"थट्टा करतेस तू?"

"आपल्या देशात चालतं ते."

मागच्या ट्रकची काच खाली झाली. "हो म्हण, ओरेस्ट," लव्हॉन थरथरत्या आवाजात म्हणाली. "मला थंडी वाजतेय."

ओरेस्ट बर्फात उभा राहिला. पिवळ्या शर्टाची कॉलर कोटातून बाहेर फडफडत होती. एकदा त्याने दक्षिणेकडे बघितलं. मग "हो" म्हणाला.

स्टेफाने काच वर केली आणि गाडी रस्त्यावर काढली. आरशात तिला मागून येणारा ट्रक दिसत होता. घर अजून बरंच लांब होतं, रस्ता मोकळा होता, तरी ती मुद्दामच हळू चालवत होती.